सोमवारची गाडी

माझं नाव नीलव्वा. माहेर अक्कलकोटाकडचं, घरात समदं कानडी, आन दिली हितं मंद्रूपजवळच्या वस्तीवर, मराठी शिकले ती बैलांवर वरडत वरडत, काय सांगू तुमाला. बहात्तरच्या दुष्काळात मालक गेले आन मी खडी फोडायला बसले, समद्याच बाया बसल्या, हाताला असे घट्टे पडले की सुई धरवत न्हवती.

दुष्काळ सरला तवा सोलापुरासनं एक साहेब आला, वस्तीच्या विकासाची योजना घेऊन. म्हनाला, शिवनाच्या मशिनी देतो. मी म्हनलं, साहेब, शिवायला कापड हाय का कुनाकडं? आमाला कडक भाकरी येती, महिनाभर टिकती, ती इका की शहरात. हसला, पन खाल्ली, आन दुसरीबी मागितली. त्यानंच शहरातल्या वसतिगृहाचं काम आनलं. म्हनाला, परवा सकाळी सडकेवर ट्रक येईल, पहिलाच माल चुकला तर काम दुसऱ्या गावाला. आमी हरकून व्हय व्हय म्हनलं.

दोन दिस भाकऱ्या केल्या, गाडीत कडबा अंथरून चळती रचल्या. तवा थोरले भावजी, बैलं त्यांचीच, म्हनाले, उद्या सोमवार हाय की गं. आमच्यात सोमवारी नंदीच्या मानेवर जू ठेवत न्हाईत. मलाबी ते पाप वाटतंय, अजून वाटतंय. पन परत खडी फोडायची? चळती उतरवाव्या तर निम्म्या मोडनार. लई रडले, मग राग आला. सकाळी म्हनलं, नंदीला सुट्टी, आमाला कुनी दिली? आन घेतलं की जू खांद्यावर! मी आन शेजारची शांतव्वा फुडं, बाकीच्या मागनं ढकलायला. भावजी वरडले, लाज सोडली का गं? सोडली म्हनलं, आन वडली गाडी पार सडकेपर्यंत. ट्रकवाला रहिमानभाई बघतच राह्यला, म्हनतो, अम्मा, बैलां किधर? म्हनलं, आज उपास हाय त्यांचा. एक भाकरी मोडली न्हाय बघा, एक!

संध्याकाळी भावजी बैलांना विभूती लावून आले, आन तेच विभूतीचं ताट माझ्याफुडं धरलं. म्हनाले, लाव कपाळाला, नीलव्वा. आज गाडी तू वडलीस.

आता ट्रक दारात येतो. आमीच फोडलेल्या खडीची सडक झाली वस्तीपर्यंत, घरोघर भाकरीची चूल पेटती. बैलं सोमवारी बसून रवंथ करत्यात, करू देत. भावजी थकले, पन सोमवारी ताट माझ्याफुडं येतंच. बसा, भाकरी खाऊन जावा, शिव तुमचं भलं करो.