रिकामा बार वीस किलोचा

नाही, पण मी काय म्हणतो, रिकामा म्हणजे रिकामा असायला नको का? रिकामा डबा उचलला की हात कसा झटकन वर जातो, रिकामी बाटली, रिकामं पाकीट... पाकिटाचा तर मला दांडगा अनुभव आहे! पण जिममधला तो बार, तो लोखंडी दांडा हो, ज्याच्या दोन्ही टोकांना वजनाच्या प्लेटा अडकवतात, ट्रेनर मला म्हणाला, "सर, पहिलाच दिवस आहे, नुसता रिकामा बार मारा." म्हटलं रिकामा तर रिकामा, झोपलो त्या बाकावर, धरला दांडा, काढला स्टँडवरून, आणि तुम्हाला सांगतो, तो रिकामा बार माझ्या छातीवर असा येऊन बसला, जसा काय सामानसुमान घेऊन राहायलाच आलाय! वीस किलो! रिकामा! मग भरलेला केवढ्याचा?

हसू नका हो. तुम्हाला हसायला काय जातंय? माझ्याकडे जरा बघा तरी. सव्वासहा फूट उंची, आणि वजन म्हणाल तर ओल्या कपड्यांसकट साठ. पडद्यांच्या दुकानात कामाला आहे मी. मालकांनी मुलाखतीत एवढंच सांगितलं, "हात वर करा." केले. "उद्यापासून या." संपली मुलाखत! शिडीचा खर्च वाचला त्यांचा. घरोघरी जायचं, पडद्याची दांडी ठोकायची, पडदा अडकवायचा, आणि निघताना ती घरातली बाई म्हणणार, "आलाच आहात तर जरा पंख्यावरनं फडकं मारता?" मारतो! हात लांब आहेत, त्याला मी काय करू?

तर हे लांब हात, ही सगळी भानगड. बेंच प्रेस म्हणजे काय, की उताणं पडायचं, बार छातीपर्यंत आणायचा आणि हात सरळ होईपर्यंत वर ढकलायचा. आता आखूड हातांचा माणूस असला की बार खाली आला, वर गेला, झालं, चला घरी. माझा बार निघतो तो प्रवासाला निघतो! अर्ध्या वाटेत थकतो, थरथरतो, विचार करतो की पुढं जावं का मागं फिरावं... आणि फिरतो मागं! आणि डोक्याशी तो ट्रेनर उभा. इतका रुंद आहे तो, की मी मनातल्या मनात त्याचं नाव कपाट ठेवलंय. हे कपाट टाळ्या वाजवत ओरडतंय, "हलकं आहे सर! हलकं आहे!" अरे तुला हलकं आहे! तुझ्या एका दंडाला माझं अख्खं खानदान लोंबकळेल!

तुम्ही म्हणाल, गेलास कशाला? मी गेलो नाही हो! मला पाठवला! सासूबाईंसाठी!

झालं काय, की सासरे गेल्यावर बायकोनं तिच्या आईला आमच्याकडे आणलं. शाळेत गणित शिकवायच्या त्या. दरारा असा, की अजून वाटेत एखादा टक्कल पडलेला माणूस त्यांना बघून सिगारेट लपवतो. पण सासरे गेल्यापासून या बाई जिन्याखाली उतरेनात. खिडकीशी खुर्ची, आणि बघत बसणार. काय बघायच्या कुणास ठाऊक, समोर नुसती भिंत आहे. मग डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "हाडं ठिसूळ होतायत, थोडी वजनं उचलायला लागा." या म्हणाल्या, "शोभतं का या वयात!" झालं. रात्री बायको मला म्हणते, "तू गेलास तर ती येईल. एकटी ती कधीच जाणार नाही. माझ्यासाठी जा ना." आता बायको असं हळू आवाजात बोलायला लागली की माणसानं काय करायचं? गेलो!

आणि आमच्या सासूबाईंची आणखी एक गंमत, त्या माझ्याशी थेट बोलायच्या नाहीत. जुन्या वळणाच्या. मी समोर बसलेलो असलो तरी बायकोला सांगणार, "त्यांना म्हणावं, भात घ्या." मी बायकोला सांगणार, "आईंना म्हण, घेतो." इतकी वर्षं आमच्या संसारात बायको टेलिफोन एक्स्चेंज! जिममध्ये बायको नाही, मग आम्ही काय करणार? कपाटाला मध्ये घेतलं. "त्यांना म्हणावं, माझी पाण्याची बाटली वरच्या फळीवर ठेवलीये, काढून द्या." काढून देतो! हात लांब आहेत, त्याला मी काय करू?

आता अपमान ऐका. त्यांना कपाटानं दिला छोटा, हलका बार. ठेंगणी मूर्ती, आखूड हात. आडव्या झाल्या, बार खाली आणला, वर नेला, खाली, वर, खाली, वर, पोळ्या लाटल्यासारखा! आणि उठून पदर नीट करत कपाटाला विचारतात, "यात अवघड काय असतं?" शेजारच्या बाकावर मी. छातीवर वीस किलो रिकामं लोखंड.

पुरुषाचा मत्सर फार वाईट हो. पुढच्या वेळी कपाट फोनवर बोलत बाहेर गेलेलं बघितलं, आणि घातल्या दोन्ही बाजूंना प्लेटा. बऱ्यापैकी मोठ्या. काढला बार, खाली आला, तो तर काय आनंदानं आला, आणि वर? वर जायचं नाव नाही! बसला! ढकलतोय, पाय झाडतोय, डोळ्यांपुढे काजवे... आणि मी मूळचा भिडस्त माणूस, "वाचवा" असं एकदम ओरडायला लाज वाटते, म्हणून मी आपलं बारीक आवाजात, "अहो... जरा... कुणी रिकामं आहे का..."

सासूबाईंनी बघितलं. धावत आल्या. आणि तुम्हाला खोटं वाटेल, बार माझ्या बरगड्यांवर, मी निळा पडतोय, आणि ही बाई इकडेतिकडे बघतेय की निरोप कुणाजवळ द्यावा! "त्यांना म्हणावं... अहो, कुणीतरी त्यांना म्हणा... श्वास..." जवळ कुणी नव्हतंच हो! मग एक क्षण माझ्याकडे बघितलं, पदर खोचला, बारला दोन्ही हात घातले आणि अख्ख्या जिमला ऐकू जाईल असं ओरडल्या, "अरे ढकल ना मेल्या! बघतोस काय नुसता! माझी पोर घरी वाट बघतेय!"

अरे! मेल्या! थेट! मध्ये कुणी नाही!

गेला ना बार वर! त्यांनी किती उचलला आणि मी किती, ते देवाला ठाऊक.

घरी आल्यावर मी जाहीर केलं, संपलं, मी पुन्हा त्या जिमची पायरी चढणार नाही. दुसऱ्या दिवशी दुकानातून आलो, मुद्दाम उशीर करून आलो, तर या दारातल्या स्टुलावर बसलेल्या. बूट घालून. पिशवी मांडीवर. बायको आतून खुणा करतेय, "कधीची बसलीये, काही बोलू नकोस." मी उभा. त्या बुटांकडे बघत म्हणाल्या, "काल तू अडकलास तेव्हा माझे हातपाय गार पडले. हे गेले तेव्हा मी शेजारच्या खोलीत होते रे. हाक ऐकूच आली नाही मला." मांडीवरची पिशवी सावरली. "तुझी ऐकू आली."

मी म्हटलं, "आई, बूट बदलून येतो."

आणि तिथून पुढे, बायकोची शपथ, माझे हाल कुत्रा खाईना! बाईंमधली मास्तरीण जागी झाली! पहिलं काम, प्लेटा सगळ्या उतरवल्या. "पाया कच्चा, आणि चाललाय मजले चढवायला!" मग कपाटाला खोदून खोदून विचारलं, आणि त्यानंही बिचाऱ्यानं पहिल्यांदा टाळ्या सोडून काहीतरी नीट सांगितलं. कोपरं विमानासारखी पसरू नका, जरा अंगाजवळ ठेवा. खांद्याची पाती मागे आवळून बाकात रुतवा. पाय जमिनीवर घट्ट. बार गळ्यावर नाही, छातीच्या खालच्या भागावर आणा. आता हे सगळं लक्षात ठेवायचं, वर श्वास घ्यायचा, आणि वर ढकलायचंही! मी म्हटलं, "एवढं सगळं एकदम?" तर म्हणाल्या, "कंसातलं आधी सोडव."

आणि अर्धवट हात सरळ केला की मोजायच्या नाहीत! "हा धरला नाही. उत्तर अर्धवट, मार्क नाहीत." घरी आल्यावर खाणं. अंडी, दूध, डाळ, भात, परत अंडी. झोपायला निघालो की ही बाई केळं घेऊन दारात! "खा. लोखंड काय हवेवर उचलणार आहेस?" मी ढेकर देत देत खायचो. मालक म्हणाले, "तब्येत सुधारली हो, दांडीच्या वजनानं आता तुम्ही वाकत नाही." आणि वजन वाढवायचं ते बिस्किटाएवढ्या प्लेटेनं. मोठ्या प्लेटेला हात लावला की डोळे वटारायच्या. मध्ये तर कितीतरी दिवस काहीच वाढेना, बार जागचा हलेना, मी म्हटलं, "आई, माझे हात लांब आहेत, त्याला मी..." "लांब गणित सोडवायला वेळ लागतो," म्हणाल्या, "चुकतं असं नाही. हं, झोप."

आणि मग तो दिवस. माझ्या स्वतःच्या वजनाएवढा बार! आता माझं वजनही वाढलं होतं, मुक्कामाची जागाच मुळी पुढे सरकलेली! झोपलो. पाती आवळली, पाय रोवले, सासूबाई डोक्याशी उभ्या, कपाट फोनवर, बाकीची पोरं आरशात आपापले दंड बघतायत, बार निघाला, खाली आला, छातीला टेकला, आणि मी ढकलला, आणि तो अर्ध्यात थांबला, तिथेच, नेहमीच्या ठिकाणी, थरथरायला लागला, आणि मी डोळे उघडले तर वर सासूबाईंचा उलटा चेहरा, हात बारच्या खाली, पण लावत नाहीत, लावत नाहीत हो, ओठ घट्ट, डोळ्यांत पाणी, आणि एकदम ओरडल्या, "चल ना रे बाळा!"

गेला! कसा गेला मला विचारू नका. सरळ! दोन्ही हात! मोजा!

बार स्टँडवर आपटला, मी उठून बसलो, म्हटलं, "आई, किती?" त्यांनी डोळे पुसले, चष्मा लावला आणि म्हणाल्या, "दहापैकी नऊ. बूड उचललंस." आणि मी सगळीकडे बघतोय, की कुणी बघितलं का? कुणी तरी? एकानंही नाही! आयुष्यातला सगळ्यात मोठा पराक्रम, आणि साक्षीदार एक, तीही सासू!

"ऊठ आता," म्हणाल्या, "माझी पाळी. उतरव ते सगळं." मी आपला बाकामागे गेलो, वाकलो, हात पसरले, आणि दमलो होतो हो, कोण दोन्ही बाजूंना चकरा मारणार, म्हणून डाव्या हातानं डावीकडची आणि उजव्या हातानं उजवीकडची, शेवटच्या बारक्या प्लेटा बोटांच्या टोकांनी एकदम ओढून काढल्या. जागचा न हलता.

आणि जिम थांबलं! पोरांनी डंबेल खाली ठेवले, कपाटानं फोन कानावरून काढला, आणि टाळ्या! शिट्ट्या! "सर! परत एकदा सर! थांबा, व्हिडिओ काढतो!"

आता जिममध्ये कुणी नवीन आलं की कपाट त्याला आधी मशिनं दाखवतं, मग कपडे बदलायची खोली, आणि मग मला हाक मारतं, "सर, जरा करून दाखवा ना."

मी दाखवतो.