चार इंची पट्टीचा रंग

आदरणीय अध्यक्ष, म्हणजेच आमचे मालक, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती, ज्यांना आपण सगळे पेंटरसाहेब म्हणतो, आणि हातातली कामं लवकर उरकून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी फ्लोअरिंगवाला. भाषण करायला कुठे शिकलो नाही. तसं फ्लोअरिंगही कुणी शिकवलं नाही. बघून बघून आलं, आणि माझ्या दोन फळ्यांच्या सांध्यात आजवर कुणाचं नख गेलेलं नाही. हे स्वतःचं कौतुक नव्हे, माहिती आहे.

आमच्याकडची पद्धत अशी, की भिंतीच्या पायाशी असते ती चार इंची लाकडी पट्टी, स्कर्टिंग, मी बसवायची आणि पेंटरसाहेबांनी रंगवायची. आता मला सांगा, ती पट्टी कुणाची? जमिनीची की भिंतीची? इतकी वर्षं आम्ही यावरून भांडलो. मी म्हणायचो, तिला जमिनीचा रंग द्या. ते म्हणायचे, दाराच्या चौकटीचा. आणि काम संपलं की घरमालकीण दारातूनच ओरडायची, "अय्या, पेंटरसाहेब, काय खोली उजळलीय!" बाई, तुम्ही उभ्या कशावर आहात? पण माणूस घरात शिरताना खाली बघतच नाही, त्याला मी काय करू?

बाहेरच्यांचं सोडा. गेल्या महिन्यात आमच्याच घराचं काम काढलं. हॉलच्या भिंतींना फिकट राखाडी, खाली नवं अक्रोडी फ्लोअरिंग. पट्टीही अक्रोडी, हे मी ठरवूनच टाकलं होतं. नमुन्याची फळी रंगवून जमिनीवर ठेवली आणि सौभाग्यवतींना बोलावलं. तंतोतंत जुळत होती. त्या म्हणाल्या, "छान आहे हो. पण एकदा भाऊजींना विचारू या ना."

भाऊजी म्हणजे हेच, आपले पेंटरसाहेब.

भाऊजी आले. चहा घेतला. मग वाकून त्यांनी ती फळी उचलली आणि भिंतीला टेकवून उभी केली. बस्, एवढंच. पट्टी उभी असते ना! आडवी असताना तिच्यावर खिडकीचा उजेड पडत होता. उभी राहिल्याबरोबर ती काळपट झाली. खोलीला चहूबाजूंनी कोळशाची रेघ ओढल्यासारखं दिसलं असतं. पण ज्याचा जन्म गुडघ्यांवर बसून जमीन बघण्यात गेला, तो नमुना जमिनीवरच ठेवणार, नाही का?

"वहिनी, चौकटीचाच दुधाळ पांढरा द्या."

"मी यांना म्हटलंच होतं, भाऊजींना विचारा म्हणून."

"मग पुढच्या वेळी फ्लोअरिंगही त्यांच्याकडूनच बसवून घे," मी म्हणालो.

"बसवतीलसुद्धा!"

संसाराला इतकी वर्षं झाली, पण माझ्याबद्दल बोलताना एवढी खात्री त्या आवाजात मी कधी ऐकली नाही. त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. हसताहेत, हेही मला इथून दिसतंय.

पांढरा दिला. चांगला दिसतो. हे मी माइकवर बोललो, ते पुन्हा बोलायला कुणी सांगू नये.

पेंटरसाहेब उद्या मुलीकडे कायमचे राहायला जाताहेत. यापुढे पट्टीचा रंग मी ठरवायचा, असं मालकांनी कालच जाहीर केलं. म्हणजे मला हवं होतं तेच मिळालं. आमच्या बेडरूमची पट्टी अजून प्रायमरवर आहे. काल नमुने केले, सगळे उभे करून पाहिले, आणि एक नक्की केला. बरोबर आहे तो. मला पटलाय, सौभाग्यवतींनाही पटलाय.

पण पेंटरसाहेब, तुमच्यावर जळत जळत मी हे सगळं शिकलो. रंग चुकला तर निस्तरता येईल हो. बरोबर आला, तर तो आता कुणाच्या नाकावर टिच्चून दाखवू?

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुठे तोल गेला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला.