बेटावरचं कच्चं जेवण

अंबडच्या बसस्टँडवर राधाकिसन एकटाच बसला होता. बायको जाऊन वर्ष झालं होतं. शेजारी कडूबा आणि त्याची बायको सगुणाबाई बोलत होते. लेकानं त्यांना अंदमानला कच्च्या अन्नाच्या शिबिराला धाडलं होतं, तिथून ते परतत होते.

"आठ दिवस कच्ची पपई अन् खोबरं! शेळी झाल्तो मी."

"मला तं लई गोड लागलं. पोराचे उपकार."

"कच्ची पपई गोड?"

"तिथं चूल न्हवती. चाळीस वर्सांत पहिल्यांदा तुमच्यासंगं बसून जेवले."

कडूबानं वाटेत घेतलेल्या भाकरीचं फडकं सोडलं.

"जेवा तुमी. मी मागून खाते."

"न्हाई. तू बी बस."

"लोक बघून राह्यले."

"बघू दे. ओ पाव्हणं, या जेवायला!"

राधाकिसन जवळ सरकला.

"आधी वैनीला वाढा," तो म्हणाला.