सुपारीच्या डबीतला स्क्रू

दरवेळी माझ्याच पोटाचा किस्सा का सांगायला लावता रे? बरं, ऐका. जावई पोरीचा लॅपटॉप उघडून नवी रॅम आणि एसएसडी बसवत होता. काढलेले स्क्रू ठेवले माझ्या सुपारीच्या डबीत! शेवटी एक स्क्रू कमी पडला.

"बाबा, तुम्ही सुपारीबरोबर गिळलात!"

"मला लोखंड कळत नाय काय?"

"जावयाला उलट बोलू नका," म्हणत बायकोने मला कळंबोलीला एक्स-रे काढायला नेलं. जावईपण आला. पोटात काय नाय.

डॉक्टरने विचारलं, "स्क्रू होता केवढा?"

जावयाने खिशातून चुंबकवाला स्क्रूड्रायव्हर काढला. "याच्या टोकावर बसेल एवढा."

टोकावर स्क्रू बसलेलाच होता!

डॉक्टर खुर्चीतून पडायचा बाकी राहिला. बायको पदर तोंडात कोंबून हसली. लॅपटॉप आता पळतोय. माफी मागायची राहिलीय ती आमच्या जावईबापूंनी, रूपेशरावांनी.