आईची खोली घाट चढते

हॅलो?… हो, मीच. बोल… अगं ऐकू येतंय, हळू बोल, आई शेजारीच बसलीये.

नाही गं, काही झालेलं नाही. तिघंही धडधाकट आहोत. घाटाच्या पायथ्याशी पाण्याच्या टाकीजवळ थांबलोय. तुझे भाऊजी खाली उतरून आईच्या खोलीच्या ट्रेलरची खीळ बघतायत. पुन्हा एकदा…

हो, दुपारी पोहोचणार होतो. हो, जेवण गार झालं असणार. अगं ऐक ना, उशीर का झाला ते कळलं तर हसून लोळशील. गाडीचे गिअर बदलले की वेगाचा काटाही नव्यानं जुळवावा लागतो, आणि नेमकं तेच राहिलं. मिस्त्रीला वाटलं हे करतील, ह्यांना वाटलं मिस्त्रीनं केलं. त्यामुळे काटा दाखवतोय भरधाव आणि गाडी चाललीये रमतगमत. त्यात तुझे भाऊजी किती नियमाचे, तुला माहितीये. मागे ट्रेलर असताना काटा ठरलेल्या वेगापुढे जाऊ देतील तर शपथ. विटांचा ट्रक पुढे गेला, हे गप्प. ट्रॅक्टर पुढे गेला, तरी गप्प. शेवटी स्कूटरवरच्या दोन आजीबाई हात हलवून पुढे गेल्या, तेव्हा मी मोबाइलवर खरा वेग बघितला…

आईला? तिला म्हणे सकाळीच कळलं होतं. खिडकीतून छान दिसत होतं म्हणून बोलली नाही…

थांब जरा… आई उतरली पाय मोकळे करायला. आता ऐक, मधे बोलू नकोस. मागच्या वेळी तुला आम्ही एवढंच सांगितलं ना, की गाडी तापली म्हणून परत फिरलो? ते अर्धंच होतं.

अगं, त्या पांढऱ्या कठड्याच्या वळणावर गाडी अडली. इंजिन नुसतं धापा टाकतंय, क्लचचा जळका वास, मागे हॉर्नवर हॉर्न. आईची ती चाकावरची खोली, आत पुस्तकांच्या बाइंडिंगचं प्रेस आणि कागद कापायचं मशीन, दोन्ही बिडाची. ओढणार कशी? आणि सुटं करून न्यायला ती तयार नाही, एकदा हललं की कापणी वाकडी येते म्हणते. तर आई खाली उतरली, कठड्यावर बसली, आणि म्हणाली, "चला परत. माझं ओझं तुम्हाला झेपायचं नाही."

… हो. असंच म्हणाली. ओझं.

रडू नकोस गं चिमणे… मी तेव्हाच रडून घेतलंय. म्हणून तर नाही सांगितलं तुला. आणि आईची आजची अट ऐक. आज त्याच वळणावर गाडी पुन्हा अडली तर मुकाट्यानं परत फिरायचं, तुझ्या अंगणात राहायला येण्याचा विषय कायमचा बंद…

मग कुठे राहील? तेच तर. आत्ता खोली उभी असते तिथला रस्ता रुंद होतोय, खोली हलवावीच लागणार. माझं घर तिसऱ्या मजल्यावर, तिथे काय दोरीनं वर घेऊ? आणि खळीचा वास नसलेल्या घरात आई महिनाभर जगायची नाही. तुझं अंगण आहे म्हणून तर सगळा जीव त्यात…

गिअर बदलले म्हणजे काय? अगं, एक्सलच्या आत दातेरी चाकं असतात, एक छोटं, एक मोठं. क्राऊन-पिनियन म्हणतात. छोट्यानं मोठ्याला फिरवायचं. नव्या जोडीत छोट्याला जास्त फेरे मारावे लागतात, म्हणून गाडी पळायला जरा कमी, पण ओढायला दांडगी. इंजिन तेच, बरं का. चढाला सायकलचा हलका गिअर टाकतो ना आपण, तसं. ह्यांना आधी फक्त मागचेच बदलायचे होते. मिस्त्री म्हणाला, चारही चाकांनी ओढणारी गाडी आहे, एका जुवाला दोन चालींचे बैल जुंपणार का? मग पुढचेही बदलले…

हो ना, गल्लीत तर हसून पुरेवाट. सासूला घालवायला जावयानं गाडीचा एक्सल उघडला म्हणे.  

पण मजा पुढेच आहे. नवीन दाते एकमेकांत बसायला वेळ लागतो. आधी रिकामी गाडी, सावकाश, थोडं चालवायचं आणि मग उभी करून थंड होऊ द्यायची. तर हे रोज संध्याकाळी निघायचे आणि आईला म्हणायचे, चला, येता का. तलावापर्यंत जायचं, गाडी थंड होईपर्यंत बाकावर बसायचं, परत यायचं. दोघंही मुलखाची अबोल. काय बोलत असतील देव जाणे. मग एक दिवस गिअरचं तेल बदललं, उजेडाला बॅटरी आईनंच धरली, मिस्त्री म्हणाला झालं, आता लादा काय लादायचं ते.

आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे पुन्हा दारात. आई म्हणाली, अहो, गिअर बसले ना आता? तर म्हणतात कसे, "गाडीला सवय लागलीये."

… हो ना. त्याच रात्री आई मला म्हणाली, एकदा घाट चढून बघू म्हणून…

आले, आले दोघं. आता फोन चालूच ठेवते. तू फक्त ऐक.

निघालो… हं, पहिलं वळण… चाललीये गं, छान चाललीये. आवाज मोठा आहे पण धाप नाही. आई, पट्टा लाव… दुसरं वळण गेलं… मागे? मागे रांग आहे, असू दे. लग्नाची वरात समजा म्हणावं…

पांढरा कठडा दिसतोय. गप्प बस हं आता. मीही गप्प बसते.

…

आलं वळण… चढतेय… चढतेय गं… अर्धं वळण झालं…

काय? आई, काय म्हणालीस?

… अगं, आई म्हणतेय गाडी थांबवा. इथेच. नाही, मला नाही माहीत का… आई, काय झालं? बरं वाटत नाही का? आता परत नाही हं फिरायचं, गाडी अडलेली नाहीये, अट अशी नव्हती…

थांबवली ह्यांनी. बरोबर त्याच जागी, भर चढावर. तोंड पांढरं पडलंय बिचाऱ्यांचं. मागे हॉर्न सुरू झाले, ऐकू येतायत ना?

ऐक, काय म्हणतेय ती… म्हणते, पळत आलेल्या गाडीचा जोर खरा धरू नये. बसलेली उठली तर खरी. जावईबापू, आता उठवा म्हणते…

अगं हिला काय म्हणावं? सगळी हयात पान नि पान ठोकून बघण्यात गेली, आता गाडीही ठोकून बघतेय. हं… हळूच सोडला क्लच… देवा रे…

उठली! उठली गं! मागे एक इंचही नाही सरकली. लोण्यातून सुरी जावी तशी… वळण संपलं… सपाटी आली… अगं तू काय किंचाळतेस, माझा कान गेला…

आई? आई रडतेय आणि हसतेय. ऐक ना, ती म्हणतेय, "आता परत जा म्हणालात तरी मी जायची नाही."

… हो, सांगते. आई, चिमणी म्हणतेय अंगण झाडून ठेवलंय, खिडकी पूर्वेला येईल अशी जागा आखलीये… मान डोलावतेय ती.

हे? हे समोर रस्त्याकडेच बघतायत. नाही, थांब, काहीतरी बोलतायत… म्हणतात, एवढा चढ ओढल्यावर तेल एकदा बघावं लागेल. इथे तुमच्याकडेच. रविवारी येतो म्हणतात…

आणि आई काय म्हणाली ऐकलंस? "दर रविवारी बघावं लागतं ते तेल. मी आहेच इथे बॅटरी धरायला."

… अगं बाई, आता तूही नको ना रडूस, मला रस्ता दिसेनासा झालाय आणि गाडी तर मी चालवतही नाहीये…

हो, दिसलं तुझं घर. तू गच्चीवर आहेस? दिसलीस, दिसलीस, हात हलवतेयस ना… बरं, आता ठेव फोन आणि खाली पळ. फाटक उघड. एक दार नको उघडूस, दोन्ही उघड. आई खोलीसकट येतेय.