लोणी बोटीनं येतं

...आणि वर मलाच विचारतो, 'एकच पुडा, अंकल?' अहो, नऊ डॉलरला लोण्याचा पुडा, तो हातात धरून मी इतका वेळ उभा, की मागच्या बाईला वाटलं मी प्रार्थना करतोय. म्हटलं, ताकेओ बाबा, लोणीच आहे ना हे? तर गल्ल्यावरचा ताकेओ, त्याचा तो झोपेतून उठवल्यासारखा आवाज, 'बोटीनं येतं, अंकल.' दूध? बोटीनं येतं. अंडी? बोटीनं येतात... कोंबड्या रस्त्यात फिरतायत हो, माझ्या गाडीखाली झोपतात, आणि अंडी बोटीनं येतात!

तुम्हाला सांगतो, नेब्रास्कातलं चांगलं घर विकून आम्ही इथं हवाई बेटावर, हिलोला आलो ते आर्लीनच्या, आमच्या मंडळींच्या, गुडघ्यांसाठी. तिकडच्या थंडीत काठी घेऊन चालायची, जिना चढताना तिचं तोंड बघवायचं नाही मला. इथं आली आणि तिसऱ्या महिन्यात काठी कोपऱ्यात. निघताना मी लोकांना काय सांगितलं? 'बेटावर खर्च कसला? झाडाचं फळ तोडायचं, समुद्रातला मासा धरायचा.' धरायला गेलो, तर गळ, दोरी, बादली... सगळं बोटीनं येतं. मासा तेवढा इथला, तो काही आला नाही.

पण दुकानानं नाही मारलं आम्हाला. मारलं ते फुकटच्या नीरफणसांनी.

शेजारच्या मोमी आंटी, वय पंच्याहत्तर. आम्ही आलो त्याच आठवड्यात चपला दाराबाहेर काढून आत आल्या, हातात टोपलं, टोपल्यात चार नीरफणस, एकेक माझ्या डोक्याएवढा. 'घे रे, आमच्याकडे पडून वाया जातात.' आता आमच्या नेब्रास्कात कुणाचं भांडं रिकामं परत केलं, तर चर्चमध्ये लोक दोन बाकं सोडून बसतात. आर्लीननं लगेच केक केला, तिच्या आईच्या पद्धतीचा, म्हणजे पीठ नावाला आणि बाकी लोणी. टोपलं गेलं. शनिवारी टोपलं आलं, सहा नीरफणस. पुन्हा केक. मग आठ, आणि वर केळ्यांचा घड... आठ नीरफणसांना एक केक शोभतो का? दोन केले. मी म्हणतो, अगं, बिस्किटं दे. तर म्हणे, 'डुएन, माणसं काय म्हणतील?' माणसांचं सोडा, मला दारात बघितलं की ताकेओ लोण्याचा फ्रिज उघडूनच ठेवायचा.

वर्षभर हेच. पंखे बंद, गाडी बंद, आम्ही कोरडा पाव खायचो आणि लोणी जायचं टोपल्यात. शेवटी एका सकाळी आर्लीन म्हणाली, परत जाऊ या, डुएन, नाही जमत आपल्याला. आणि मग हळूच विचारलं, माझी काठी कुठं ठेवलीस? मला रडू आलं, खरं सांगतो.

तसाच उठून आंटींकडे गेलो, निरोप घ्यायला. म्हटलं, परवडत नाही हो. 'काय परवडत नाही?' सगळंच, बोटीनं येतं ना... आणि तोंडातून निघूनच गेलं, की आंटी, नीरफणस जरा कमी पाठवले असते तर... आंटी खुर्चीत बसल्या. 'डुएन, आमच्या म्हाताऱ्याला शुगर आहे. वर्षभर मी तुमचे केक भावाकडे पोचवतेय, वीस मैल, पेट्रोल जाळून. आणि एवढ्या केकला शोभेल असं परत काय द्यायचं, म्हणून गल्लीभर नीरफणस मागत फिरतेय.' मी म्हटलं, मग द्यायचं काय आम्ही? त्यांनी कुंपणाकडे हात केला. 'तुझ्या झाडाखाली लिंबं सडतायत, बाबा. दोन उचलायची, आणून द्यायची. त्यात एवढं काय?'

लिंबं हो! दर रविवारी मी ती गोळा करून कचऱ्यात टाकत होतो आणि चहाला दुकानातलं लिंबू आणत होतो. बोटीनं आलेलं.

राहिलो मग. लिंबं जातात, नीरफणस येतात, दोनच. काठी कोपऱ्यात आहे. लोणी मात्र बंद म्हणजे बंद, आर्लीन पावाला नीरफणसच फासते आणि मी गप्प खातो.

आता गेल्या महिन्यात समोर नवं जोडपं आलंय, मिनेसोटाचं. उन्हात उभं राहून हसत होते दोघं, आमच्यासारखेच. मी पिशवीभर लिंबं नेली, म्हटलं, घ्या, आमच्याकडे पडून वाया जातात. तिसऱ्या दिवशी ती पोरगी दारात, हातात ताट, ताटात केक, आणि वास... लोण्याचा हो. चेहरा उतरलेला बिचारीचा. 'काका, इथं सगळं एवढं महाग कसं?' सांगायला हवं होतं, कळतं मला. आम्हाला कुणी सांगितलं असतं तर एक वर्ष वाचलं असतं. सांगणारच आहे मी. पण किती दिवसांनी लोणी तोंडात गेलं म्हणता... आणि आज सकाळीच आर्लीननं त्यांच्याकडे आणखी डझनभर लिंबं पाठवलीयेत.