रोवलेलं फावडं

(हॉलंडच्या उत्तरेला, समुद्राला बांध घालून राखलेलं एक गाव, सोळावं शतक. खानावळीत कराची वही उघडून बसलेला गावकारकून पाउवेल्स. समोर डीवर आणि तिचा धाकटा दीर विग्गर्ट.)

डीवर: पण आमचं नाव का खोडताय, काका? आमच्या वाट्याचा बांध मी स्वतः भरतेय. माझे यजमान येलिस अंथरुणाला खिळलेत म्हणून काय कर चुकवला का आम्ही?

पाउवेल्स: नाही चुकवलास. पण काल दुपारी बांधात फावडं उभं रोवून निघून गेलीस.

डीवर: घरी गेले होते. त्यांना चार घोट पेज पाजायला.

पाउवेल्स: बांधात फावडं रोवून जाणं म्हणजे हा भार मला झेपत नाही, असं गावाला सांगणं. जो ते उपसेल, त्याचा बांध, त्याची जमीन, त्याचं घर. विग्गर्टनं उपसलं. तिघे साक्षीला आहेत.

डीवर: मी माळावरची. आमच्याकडे ना समुद्र, ना बांध. मला हे कोण सांगणार?

विग्गर्ट: सहा वर्षं झाली तुला नांदायला येऊन, वहिनी. इथलं शेंबडं पोरही फावडं आडवं टाकून जातं.

डीवर: भावजी, तुम्हीच म्हणालात ना? जा, दादा हाका मारतोय, फावडं राहू दे रोवून, मी आहे इथे.

विग्गर्ट: होतोच की. म्हणून तर उपसलं.

पाउवेल्स: असं म्हणालास तू?

विग्गर्ट: म्हणालो असेन. ते लिहायला वहीत जागा आहे का, काका?

पाउवेल्स: नाही.

विग्गर्ट: मग आहे तेवढं लिहा. मोठी भरती तोंडावर आलीय. दादा पडलेला, ही एकटी. बांध फुटला असता तर बुडालो असतो सगळे.

डीवर: नुसतं मागितलं असतंत, तर अर्धी जमीन दिली असती त्यांनी तुम्हाला.

विग्गर्ट: ठाऊक आहे. अर्धीच दिली असती.

पाउवेल्स: रविवारपर्यंत घर मोकळं करून दे, पोरी.

डीवर: त्यांना उठून बसवतसुद्धा नाही, काका.

विग्गर्ट: माझी गाडी ने. सख्खा भाऊ आहे, तेवढं करीनच.

पाउवेल्स: येलिसला काय सांगणार आहेस?

डीवर: रोज विचारतात, बांधाचं कसं चाललंय म्हणून. आज सांगेन, आता भावजी बघताहेत. तेवढं ऐकून त्यांना झोप लागेल.